जामखेडचं काउंटर

मी फुशारकी मारत नाही, असं मी नेहमी सांगते आणि घरचे हसतात. हसू देत. या एका गोष्टीबद्दल मी आयुष्यभर फुशारकी मारणार आहे.

श्रीरामपुरात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि एसीची छोटी खोली. देवळाली प्रवरा आणि जामखेडला आमच्या शाखा आहेत. गिऱ्हाईक तुटलेला पार्ट पिशवीत घालून आणतं. तो कुठल्या मॉडेलचा, त्याचा नंबर काय, कुठल्या शाखेत शिल्लक आहे, हे सगळं सॉफ्टवेअरमधून काढायचं असतं. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि शाखांमधल्या जुन्या कॉम्प्युटरांनी मान टाकली.

मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो. सगळीकडे नव्या मशिनी घ्याव्या लागतील हे ऐकल्यावर दादांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "जामखेडचं पार्टचं काउंटर बंद. मिस्त्रींना हिकडं बोलवा."

मिस्त्री म्हणजे त्या काउंटरचे सर्वेसर्वा. वीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टर खोलले, मग कंबरेचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ते खुर्चीत. एसटीत त्यांना अर्धा तास बसवत नव्हतं. इकडं बोलवा म्हणजे घरी बसवा, हे दादांनाही कळत होतं, म्हणूनच ते माझ्याकडे बघत नव्हते.

मला राग आला. रागात माझं डोकं बरं चालतं. "दादा, एकच दणकट मशीन घ्या," मी म्हटलं. "सॉफ्टवेअर इथं माझ्या खोलीत राहील. मिस्त्री तिथं बटणं दाबतील, काम इथं होईल, तिकडं फक्त पडद्यावरचं चित्र जाईल. त्याला जुना डबासुद्धा चालतो."

"महिनाभर बघू," दादा म्हणाले. "जमलं न्हाई तर काउंटर बंद."

खुद्द मिस्त्रींनाच ते पटेना. फोनवर म्हणाले, "मॅडम, माझ्या मशिनीत काईच न्हाई म्हणता, मग मी काम कशात करतोय?"

"माझ्या खोलीतल्या मोठ्या मशिनीवर. सर्व्हर म्हणतात तिला."

"म्हंजी मी श्रीरामपुरात बसलोय व्हय? मग कंबर जामखेडात कशी दुखती?"

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. शाखांमध्ये कॉम्प्युटर बंद करायची एकच पद्धत होती, भिंतीवरचं बटण खाली. सॉफ्टवेअरमधून रीतसर बाहेर पडायचं कुणाच्या लक्षात राहीना. त्यामुळे सर्व्हरवर प्रत्येकाचं आदल्या दिवशीचं काम उघडंच राहायचं आणि सर्व्हर रडकुंडीला यायचा. सर्व्हर बसवून देणाऱ्या पुण्याच्या इंजिनियरनं सल्ला दिला, "कनेक्शन तुटलं की तिकडचं काम लगेच बंद होईल असं सेटिंग करा." पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं, पण त्यानं जामखेडची लाईट पाहिली नव्हती. मी तीन तासांची मुदत ठेवली. कनेक्शन तुटलं तरी तेवढा वेळ अर्धवट काम जसंच्या तसं थांबेल, मग बंद होईल. आणि नीट बाहेर पडायला मी सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलं.

महिना संपत आला तेव्हा पेरणी तोंडावर होती. दादा स्वतः जामखेडला गेले. मिस्त्रींसमोर एक शेतकरी उभा होता, खोलून ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या सामानाची भलीमोठी यादी घेऊन. दादा खुर्चीमागं उभे राहून बघत होते. आणि लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मेलेली होती.

दादांचा फोन आला. "गेलं मॅडम सगळं. मिस्त्री डोक्याला हात लावून बसल्यात. गिऱ्हाईकाफुडं शोभा झाली."

"फोन स्पीकरवर टाका," मी म्हटलं. मिस्त्रींचा पासवर्ड माझ्याकडे होताच. त्यांच्या खात्यातून आत शिरले आणि यादी मोठ्यानं वाचायला लागले. "क्लच प्लेट एक. ऑइल सील दोन. पुढच्या चाकाचं बेअरिंग दोन." अशा चौदा ओळी वाचल्या. "पंधराव्या ओळीत हायड्रॉलिक पंपाचा नंबर अर्धाच टाइप झालाय. मिस्त्री, पुढचे आकडे राहिलेत."

 अभिमानानं माझा ऊर भरून आला होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

"मॅडम," दादा म्हणाले, "हितलं काउंटर हलवायचं न्हाई. ऐकलं का मिस्त्री?"

मिस्त्रींनी फोन घेतला.  मला वाटलं, आभार मानतील.

"मॅडम," ते म्हणाले, "कशाला हात लावू नका. पंप मीच पुरा करतो."

तासाभरानं तिकडची लाईट आली. मिस्त्रींना दिसत होतं तेच माझ्या पडद्यावर घेऊन मी बघत बसले. पंपाच्या नंबरातले राहिलेले आकडे एका बोटानं, सावकाश, एकेक करून उमटले. मग सोळावी ओळ सुरू झाली.