वाघमारे सरांनी न लावलेली वेळ

वाघमारे सरांची नोकरी मी खाल्ली.

सर आज सकाळी सेलूत वारले. कॉलेजच्या ग्रुपवर तेव्हापासून जोडलेले हात पडतायत. त्यातले निम्मे हात तेव्हा खिशात होते. माझे टाइपरायटरवर होते.

विद्यापीठ नामांतराच्या आंदोलनाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. परभणीतलं एक कॉलेज. सर तिथे कॉम्प्युटर शिकवायचे, टेम्पररी. मी ऑफिसात टायपिस्ट, मीही टेम्पररी.

कॉम्प्युटर एकच. सरांनी त्यावर बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. एक ओळ मशीनचं घड्याळ वाचायची, वेळ झाली की दुसरी ओळ सूर वाजवायची. वायर ओढून भोंग्याला जोडलेली. तास संपला की अख्ख्या कॉलेजात सा-ग-प!

अडचण एकच. लाइट गेली की मशीन वेळ विसरायचं. चालू केल्यावर विचारायचं, किती वाजले? सांगाल ते खरं धरायचं.

वार्षिक परीक्षा, गणिताचा पेपर. सर वरच्या मजल्यावर सुपरव्हिजनला. लाइट गेली, आली. मशीनने वेळ विचारली. समोर मी, शेजारी प्राचार्य. साहेबांनी स्वतःचं मनगट बघून वेळ सांगितली.

साहेबांचं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे. उशीर व्हायला नको म्हणून. सगळ्यांना माहीत होतं.

"साहेब, तुमचं घड्याळ जरा पुढं हाय ना?"

"मला शिकवायलीस का? टाक म्हणलं ना."

टाकली.

भोंगा पंधरा मिनिटं आधी वाजला. पोरापोरींच्या हातातून पेपर ओढले. मनगटावर घड्याळ असलेले मास्तर म्हणाले, कॉम्प्युटर कसा चुकेल? एकाने तर स्वतःचंच घड्याळ पुढे केलं!

फक्त वाघमारे सरांनी त्यांच्या वर्गात पेपर ओढले नाहीत. पोरांना पूर्ण वेळ दिला.

त्यावरूनच प्राचार्यांनी त्यांना धरलं. "तुम्हाला बरं माहीत होतं भोंगा चुकला ते?"

पालक गेटवर जमलेले. कुणाचा तरी बळी द्यायचाच होता. सर नामांतराच्या मोर्चात पुढे चालायचे, ते संस्थेला केव्हाचं खुपत होतं.

प्राचार्यांनी जबाब सांगितला, मी टाइप केला. कार्बन लावून. "मशीनची वेळ श्री. वाघमारे यांनी लावली." खाली साक्षीदार म्हणून सही माझी.

सर ऑफिसात आले.

"ताई, तुमी तर तिथंच होता ना?"

मी रिबन नीट करत बसले. त्यांनी परत विचारलं नाही.

महिन्याभरात मी पर्मनंट झाले. सरांना पुन्हा कुठल्याच कॉलेजने दारात उभं केलं नाही. सेलूत टेप-रेडिओ दुरुस्त करत त्यांचं आयुष्य गेलं.

आता मी रिटायर झालेय. माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही, म्हणून हे लिहायची हिंमत. एवढीच माझी लायकी.

सर, वेळ मी टाकली होती. साहेबांनी सांगितलेली, चुकीची आहे हे माहीत असताना टाकली होती.

तुम्ही हे वाचणार नाही, याची खात्री झाल्यावर लिहितेय.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही. माफी तुमच्या दारात येऊन मागायची होती. परभणीहून सेलू तासाभराचं अंतर.

मी एकदाही आले नाही, सर.