पंचमीची ओहोटी, पेज आणि आबांसोबतची हरिहरेश्वर प्रदक्षिणा

हरिहरेश्वरला देवळामागच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणा घालायची तर ओहोटीच हवी. पाणी चढलं की वाट बुडते. साधारण तासाभराचं चालणं. वाटेत आडोसा नाही, दुकान नाही, संडास तर नाहीच. ज्याचं पोट धड आहे त्याला हे सांगावं लागत नाही. माझं बारा वर्षं धड नव्हतं, म्हणून मी आधी हेच लिहितो.

माझे वडील, आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. हयात पेणजवळच्या मिठागरात गेली. माझा हात धरून ही प्रदक्षिणा एकदा करायची, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं. दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा मी कातळात उतरणाऱ्या पायऱ्यांवरूनच संडास शोधत मागे पळालो. परत येईपर्यंत पाणी चढलेलं. दुसऱ्या वेळी आबा म्हणाले होते, "दर्या काय तुज्या पोटासाठी थांबतो व्हय?" आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. या वर्षी नाही तर पुढे नाहीच, हे दोघांनाही कळत होतं.

माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. डॉक्टरांनी आयबीएस असं नाव सांगितलं. आतड्यात जखम नाही, सूज नाही, पण ते चिडतं. पेणच्या एका वयस्क वैद्यबाईंनी औषधाआधी जेवण विचारलं. मी न्हावा शेव्याजवळच्या कंटेनर यार्डात कारकून. कधी दुपारी चारला वडापाव, कधी चहावरच दिवस. बाई म्हणाल्या, भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही आणि लागल्यावर थांबायचं नाही. वर्षभराचा जुना तांदूळ कोरडा भाजून केलेला मऊ भात, मुगाचं वरण, चमचाभर तूप. दुपारी लोणी काढलेलं ताजं ताक, त्यात सुंठ, जिरं आणि सैंधव. संध्याकाळी सातच्या आत पेज. कच्चा कांदा, काकडी, मैदा, शिळं, फ्रीजमधलं, सगळं बंद. उपवाससुद्धा बंद.

हे शेवटचं मला जड गेलं, कारण उपवास ही माझी ढाल होती. कुणी जेवायला बोलावलं की मी म्हणायचो, आज उपवास आहे. मग ती माणसं प्रेमाने दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवायची आणि माझे दुप्पट हाल व्हायचे. देवाचं नाव घेऊन खोटं बोलल्याचं मनाला लागायचं ते वेगळंच.

पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही. पाचव्या महिन्यात एक दिवस लक्षात आलं, यार्डात दुपार झाली आणि मी संडासाकडे गेलोच नव्हतो. हे मला लागू पडलं, तुम्हाला पडेलच असं मी म्हणत नाही. आधी तपासण्या करून घ्या. वजन घटत असेल किंवा रक्त पडत असेल तर आधी डॉक्टर.

मग आबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. मिठागरातल्या माणसाला भरतीची वेळ कुणी सांगायला लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. मला दुपारची ओहोटी हवी होती, कारण सकाळ ही माझ्या पोटाची वाईट वेळ. द्वादशीला ती तीनच्या सुमारास असते. पण भर उन्हात तापलेल्या कातळावर आबांना नेणार कसं? अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी पुरेसं मागे हटत नाही. शेवटी वद्य पंचमी ठरली. भरती पावणेचारला, ओहोटी पावणेदहाला. म्हणजे तोवर माझं पोट तयार हवं.

चतुर्थीला सकाळी माझ्या गाडीने निघालो. बायकोला रजा मिळाली नाही, पण तिने भाजलेला तांदूळ डब्यात भरून दिला. वडखळ, कोलाड, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर. महामार्गावर कामं चालू होती, चहा-पाण्याला थांबत साडेचार तास लागले. मुक्काम एका वाडीतल्या घरी, दोघांची खोली नाश्त्यासकट अठराशे. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात गेलेल्या पोफळींच्या जागी लावलेली झाडं आता माणसाच्या वर गेली आहेत.

घरच्या काकूंनी दारातच सांगितलं, आज संकष्टी, खिचडीची तयारी झाली आहे आणि चंद्रोदयाला मोदक आहेत. आबांनी माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांची सवय जिभेवर आली होती.

"काकू, मी उपवास धरत नाही," मी म्हणालो. "मला पोटाचा आजार आहे. सातला फक्त पेज लागते. तांदूळ आणलाय."

काकूंचा चेहरा पडला. "पाहुण्याला पेज वाढू? शेजारी कळलं तर माझी काय शोभा राहील? आणि तांदूळ घरून आणलात, आमच्याकडे काय दुष्काळ पडलाय?"

"पेज पिऊनच आमी मीठ काढलंय, बाई," आबा म्हणाले. "मलापन चंद्र दिसला की तीच घाला. मोदक दोनच."

काकू हसल्या. सातच्या आधी तूप सोडलेली वाफाळती पेज आली, सोबत वाटीभर आमसुलाचं सार. त्या रात्री मी मांडी घालून, कुणापासून काही न लपवता जेवलो, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

पहाटे पाचला उठलो. गरम पाणी, दोनदा जाऊन येणं, मग थोडा मऊ भात. साडेसातला निघून श्रीवर्धनवरून पावणेनऊला हरिहरेश्वर. रीतीप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर. सव्वानऊला कातळातल्या अरुंद पायऱ्या उतरलो. उजव्या हाताला डोंगर, डावीकडे समुद्र. खाऱ्या वाऱ्याने कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. शेवाळ फार, तेव्हा चपला पकड घेणाऱ्या हव्यात. आबांचा तळवा माझ्या हातात, मिठाने कायमचा खरखरीत झालेला.

अर्ध्या वाटेवर कळ आली.

ही कळ मी ओळखतो. पूर्वी ती आली की मी धावत सुटायचो, आणि धावण्याने ती वाढायची. इथे धावायला जागाच नव्हती. मी आबांना सांगितलं.

आबांनी पाण्याकडे पाहिलं, मग दगडावरच्या ओल्या रेषेकडे. "बस," म्हणाले. "अजून तासभर पानी आपलंच हाय."

आम्ही कातळावर बसलो. मी बाटलीतलं कोमट सुंठीचं पाणी घोट घोट घेतलं आणि मनात नाम घेत राहिलो. आबा मिठागराच्या बांधाबद्दल काहीतरी सांगत होते, जणू आम्ही त्यासाठीच थांबलो होतो. दहा मिनिटांनी कळ विरघळली. मी उठलो, त्यांना उठवलं. शेवटच्या चढावर त्यांचे गुडघे अडले, तेव्हा मी त्यांना कमरेला धरून वर घेतलं.

पुन्हा काळभैरवापुढे हात जोडून बाहेर आलो, तर फुलवाल्या बाईला आबा सांगत होते, "पोरानं फिरवून आनलं मला. सगळा डोंगर." ती कामात होती, तिने मान हलवली. मी मात्र ते ऐकून तिथेच उभा राहिलो.

दुपारी श्रीवर्धनच्या एका घरगुती खानावळीत जेवलो. सकाळी फोन करून सांगितलं होतं, तर बिनतिखटाचं वरण आणि मऊ भात कुणी कुरकूर न करता वाढला. तुम्हीही लाजू नका, सांगा.

माझा आजार पळाला, असं मी लिहिणार नाही. आजही सातला पेज आहे, बाहेरचं जेवण बेतानेच आहे. पण कळ आली तर बसता येतं, हे आता माझ्याकडे आहे.

परतीच्या वाटेवर माणगाव मागे पडलं आणि आबा शेजारच्या सीटवर झोपले. मी त्यांना गाडीत झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना झोप कमी असते. वडखळच्या अलीकडे पेट्रोल पंप दिसला आणि उमगलं, माझ्यासोबत निघाले की ते सगळा रस्ता जागे राहून माझ्यासाठी पुढचा पंप, पुढचं हॉटेल शोधत बसायचे. मला कधी बोलले नाहीत.

घराच्या दारात गाडी उभी केली. इंजिन बंद केलं तर जागे होतील, म्हणून मी ते बराच वेळ चालूच ठेवलं.