थोरली आणि धाकटी

माझी आई, आनंदी, कुडाळजवळच्या भातशेतीच्या गावातली. लग्न होऊन मालवणात येईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि आल्यावर पहिलं काम मिळालं ते समुद्र मडक्यांत भरून घरात आणायचं. माझे वडील गंगाराम मुंबईच्या मत्स्यालयात पाणी बदलायच्या कामावर होते. छातीच्या दुखण्याने सत्तावन्न साली गावी परतले ते काचेची मोठी पेटी घेऊन. बायकोला लुगडं आणायचं सोडून पेटी! ती बायको म्हणजे शेवंती, बाबांची पहिली. वर्षभरात ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि एकोणसाठ साली आई बोहल्यावर चढली.

बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक येतो. आईच्याही आला. रोज जेवणाआधी सवतीचं पान वेगळं वाढायचं आणि म्हणायचं, "बाय, आदी तू जेव गो." मगच आपण घास घ्यायचा. आई हे मनापासून करी. तरी दोन वेळा, पाचव्या महिन्यात, तिचा गर्भ पडला. शेजारची काशीबाई विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "आनंदी, तुझी सवत तुझा प्वार जगाक देवची नाय." असल्या बायांना विहिरी मिळतात कशा कोण जाणे. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आई आनंदली नाही. घाबरली.

पेटीत तेव्हा एकच मासा होता, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, शेवंतीच्या हातून कोळंबीचे तुकडे खाल्लेला. बाबा त्याला थोरली म्हणत. नर की मादी, देवाला ठाऊक. तिला जोडी म्हणून बाबांनी ओहोटीला खडकांतल्या डबक्यातून दोनदा मासा धरून आणला. दोन्ही वेळा सकाळी नवा मासा कल्ले फाटून तळाशी पडलेला. तिसरी आणली ती धाकटी. या वेळी बाबांनी मधे काच घातली, तर थोरली काचेलाच धडका देई. तोंड पांढरं पडलं तरी थांबेना.

"जागा तिच्या वळखीची आसा," बाबा म्हणाले. "तेचोच राग. दगड हलवूक व्हये."

त्यांनी थोरलीला काढून एका मडक्यात ठेवलं, मडकं गोठ्याच्या सावलीत. पेटीतले दगड सगळे फिरवले आणि एकवीस दिवस धाकटीला एकटीला राहू दिलं. आई रोज दोन्हीकडे भरतीचं ताजं पाणी घाली. तेही मातीच्या भांड्याने, कारण तांब्याच्या कळशीतलं पाणी या माशांना विष. बाविसाव्या दिवशी थोरली परत आली ती पाहुण्यासारखी. सगळीकडे फिरली, आपली जागा शोधत राहिली, आणि शेवटी एका रिकाम्या दगडाखाली गुपचूप शिरली. चावा नाही, धडक नाही.

आई पेटीसमोरून बराच वेळ हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघर उपसलं. शेवंतीने मांडलेलं घर तोवर तसंच होतं. चूल पूर्वेला, चुलीच्या उजव्या अंगाला मिठाची बरणी. आईने चूल मोडून समोरच्या भिंतीला घातली. बरणी खिडकीखालच्या फळीवर ठेवली. मग गळ्यातला टाक काढला आणि गोठ्याच्या सावलीतल्या त्याच मडक्यात घातला.

बाबांचा चेहरा उतरला. "आनंदी, गो, ती कोपली म्हणजे?"

"तिका टाकूक नाय मी. एकवीस दिसांनी परत घालतलंय. माशांक चलता, तर आमका कित्याक नाय?"

त्या एकवीस दिवसांत बरणी तीन सकाळी जुन्या जागी सापडली. मोडलेल्या चुलीच्या राखेशेजारी, झाकण घट्ट. बाबा शपथेवर सांगत की त्यांनी हातही लावला नाही. आई बरणी उचलून पुन्हा फळीवर ठेवी. भीती वाटे, पण ठेवी. मला तिचा अभिमान वाटतो तो एवढ्यासाठी. बाविसाव्या दिवशी तिने टाक पुन्हा गळ्यात घातला, पान वाढलं, "बाय, आदी तू जेव गो" म्हटलं. बरणी पुन्हा हलली नाही. पाचवा महिना सरला, सहावा सरला, आणि बासष्टच्या श्रावणात मी झाले. आईने हट्टाने माझं नाव शेवंती ठेवलं. मानाची जागा दिली की भांडण मिटतं, असं तिला वाटलं.

पुढचं मला आठवत नाही, आईनेच फार उशिरा सांगितलं. मी चार वर्षांची होते. ती पेज ढवळत होती. मी पाट ओढला, चढून फळीवरची बरणी काढली, छातीशी धरून पूर्वेच्या कोपऱ्यात नेली आणि लाकडांच्या ढिगाशेजारी ठेवली. झाकण दाबून घट्ट केलं. चूल तिथे होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"खंय ठेवतंस गो ती?" आईने विचारलं.

मी म्हणे तिच्याकडे न बघताच म्हटलं, "हयच तर असता."

आईने बरणी हलवली नाही. पेज उतरवली, सवतीचं पान रोजच्यासारखं वाढलं आणि ते माझ्यापुढे सरकवलं. "बाय," ती मला म्हणाली, "आदी तू जेव गो."

त्यानंतर आमच्या घरात वेगळं पान कधी पडलं नाही. आईने माझ्यावर कधी हात उगारला नाही, आणि शेजारणी तिच्या मायेचं कौतुक करत. माया होतीच. पण माझं जेवण होईपर्यंत ती उभी असायची, आणि तिचा एक हात गळ्यातल्या टाकावर असायचा.