बिडाचा जोड

वाडीत ट्रकांच्या गोदामांमागे एक वेल्डर बसतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही. समोर आलेली वस्तू तो आधी वाजवून बघतो. एकदा बोलता बोलता त्याने माझ्या जेवणाच्या डब्यालाही टिचकी मारली होती.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या लेथ मशीनचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ब्रॅकेट मधोमध तुटलं. तसं ब्रॅकेट आता कुठे मिळत नाही आणि माझं काम ठप्प झालं होतं. भाऊने दोन्ही तुकडे भट्टीत तापवले, थोडं थोडं करत जोडले आणि राखेत पुरून ठेवले.

"आपोआप निवू द्या. बीड आहे ते, घाई केली की तडकते."

दुसऱ्या दिवशी जोड इतका साफ दिसत होता की मी खूश झालो. त्याने हातोडीने ब्रॅकेट वाजवलं, कान जवळ नेला, परत वाजवलं. मग मला काही कळायच्या आत ते ऐरणीवर ठेवून घण मारला. परत दोन तुकडे!

"काहून तोडलं, भाऊ?" मी ओरडलोच.

"आतमंदी चीर होती. चालत्या मशीनवर तुटलं असतं, त तुमचा हात गेला असता."

मी तुकडा उन्हात धरला. आत केसाएवढी काळी रेघ होती. तोवर त्याने भट्टी पेटवायला घेतली होती.

ब्रॅकेट पुन्हा जोडून राखेत निवल्यावर त्याने हातोडी माझ्याच हातात दिली. "तुम्ही वाजवा."

मी वाजवलं. आवाज मला खणखणीत वाटला. तरीही त्याने होकारार्थी मान हलवेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिलो.