वसुधाताईंनी पाळलेला ठराव

वसुधाताई गोखले यांची आणि माझी पहिली भेट दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. मी पुण्याहून नुकतीच आले होते आणि लेकीला, सईला, मराठीत रागावत होते. ताई हसून म्हणाल्या, "रागावणं मराठीत चाललंय, म्हणजे भाषा शाबूत आहे. शनिवारी हिला आमच्या मराठी शाळेत घेऊन या." सई शिकायला गेली आणि मी शिकवायला लागले.

ताई इतिहासाच्या प्राध्यापक. निवृत्तीनंतर मुलाकडे इथे आल्या आणि युरोपातल्या एका राणीचे चरित्र मराठीत लिहायला बसल्या. सिंहासनावर बसूनही सत्ता न गाजवणारी ही राणी त्या मुलांनाही रंगवून सांगत. सईने एकदा विचारले, "बट शी इज द क्वीन! न आवडलेल्या कायद्यावर साइन का करायची?"

"कारण कायदा लोकांच्या प्रतिनिधींनी केलाय, बाळा. तिनं आपलं म्हणणं पंतप्रधानांच्या कानावर घालायचं आणि सही करायची."

पुढे ही वेळ ताईंवरच आली. मुलांना आधी रोमन लिपीतून मराठी लिहू द्यावे, असा ठराव पालकांनी आणला. "लिपी सुटली की भाषा परकी होते," असे शाळेच्या अध्यक्ष म्हणून ताईंनी सभेत स्पष्ट सांगितले. तरीही ठराव मंजूर झाला. मी चिडून म्हणाले, "ताई, तुम्ही ठाम नकार दिलात तर कुणाची हिंमत आहे?"

"म्हणूनच देणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला होता. पण रोमन अक्षरांतला पहिला धडा त्यांनीच घेतला, तोही मुले खदखदून हसतील असा. देवनागरी जमेना म्हणून शाळा सोडून गेलेली काही मुले परत आली. सईने आजीला पहिल्यांदाच मराठीत मेसेज पाठवला आणि काही महिन्यांनी स्वतःच विचारले, "ताई, खरी अक्षरं कधी शिकवणार?" त्या दिवशी ताईंनी वर्गात खजुराचे लाडू वाटले. पालकसभेत मात्र त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही.

माझे यजमान नोकरीसाठी दूर रुवैसला असताना मी तापाने आडवी झाले. ताईंनी सईला आपल्या घरी नेले. परतली ती मऊभाताला 'बेस्ट फूड एव्हर' म्हणतच.

चरित्र आता छापून झाले आहे. पंच्याहत्तरीला ताईंनी अध्यक्षपदही सोडले. "खलास! अनघा, आता तू सांभाळ. मी मागच्या बाकावर गप्प बसेन." बसल्या, आणि थोड्याच वेळात माझी फळ्यावरची वेलांटी त्यांनी सुधारली.

ताई, आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि गप्प बसणे आपल्याला कधीही न जमो!