मॉनिटरच्या पाठीत बसवलेले स्पीकर

समूहातील सुहृदहो,

आज सकाळच्या प्रकाराने आलेला संताप अजून शमलेला नाही, म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात बाजारातून नवा चपटा मॉनिटर आणला. विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, "काका, स्पीकर आतच आहेत. टेबलावर पसारा कशाला?" मी भुललो आणि जुने स्पीकर देऊन टाकले.

आमचा मुलगा जहाजावर नोकरीस आहे. आज मस्कतच्या बंदरातून त्याने संगणकावर फोन लावला. चार महिन्यांनी त्याचा चेहरा दिसला. माझ्या पत्नीला कमी ऐकू येते. खुर्ची पुढे ओढत ती म्हणाली, "अहो, ओठ हलतायत, पण बोलतोय काय?"

आवाज पूर्ण वाढवला, तरी डब्यात कोंडलेल्या माशीसारखी गुणगुणच! शोधले, तर स्पीकरची छिद्रे मागच्या बाजूला. म्हणजे ऐकायचे कोणी, भिंतीने?

"मग फिरवा तो," ती म्हणाली.

"फिरवला तर मुलगा दिसणार नाही."

"फोटोत रोज दिसतो हो. फिरवा!"

फिरवला. त्यावरचा कॅमेराही फिरला. "बाबा, मला भिंत दिसतेय!" मुलगा ओरडला. पुढची दहा मिनिटे ती त्या काळ्या प्लॅस्टिकला कान लावून बसली होती.

आज बाजार बंद, त्यामुळे वेगळे स्पीकर मी उद्याच आणीन. परंतु जहाज आज रात्री सुटते आणि त्याचा असा फोन पुन्हा दोन महिन्यांनीच येईल.

असली वस्तू बनवणाऱ्याने ती विकण्यापूर्वी एकदा तरी स्वतःच्या आईला समोर बसवून पाहायला नको होते काय?