पॅनेलच्या दारामागची तीन अक्षरं

लोहाऱ्याच्या एका सूतगिरणीत मी स्टोअर सांभाळत होते. तिथं चीनमधून जुन्या मशिनी आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत विजेची मोठी पॅनेलं. त्यातल्या एका पॅनेलनं आमच्या वायरमनला फेकलं. तो तांड्यावरचा, मला बाई म्हणायचा. कधी घाई न करणारा माणूस. उजव्या हाताची तीन बोटं जळाली. शुद्धीवर आल्यावर तो एकच सांगत होता, "मेन मीनं बंद केलता. पोराची आन, बंद केलता."

साहेबांनी अहवाल सांगितला आणि मी टाइप केला : मेन बंद न करता काम केले.

आठवड्यानं एका पार्टचा नंबर उतरवायला मी त्या पॅनेलपाशी गेले. दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी मार्करनं तीन चिनी अक्षरं खरडली होती. छापील नव्हती, हातची होती, आणि पहिल्यावर ग्रीस माखलेलं. मोबाइलचा कॅमेरा धरला तर तो एकदा चव म्हणाला, एकदा घोडा.

मग बोटानं स्क्रीनवर अक्षरं काढायला लागले. हुबेहूब काढली तरी मोबाइल भलतंच दाखवायचा. चिनी शिकवणाऱ्या व्हिडिओतली एक शिक्षिका सांगायची की अक्षर नुसतं दिसून चालत नाही, रेघा क्रमानं यायला हव्यात. आधी वरचं, मग खालचं. आधी डावं, मग उजवं. जेवणाच्या सुट्टीत मी रद्दी चलनांच्या पाठीवर गिरवत बसायची.

वायरमनच्या जागी मारेगावचे एक काका आले होते, रिटायर व्हायला टेकलेले. ते म्हणायचे, "कायले डोकं खपवून राह्यली वं? चीनला नांदाले जातं का?"

मधलं अक्षर लवकर जमलं. मोबाइल म्हणाला : आहे. शेवटच्यानं चार दिवस खाल्ले. एक चौकट, तिच्यात आडवी रेघ आणि मधून खाली उतरून उजवीकडे वळणारा आकडा. तो आकडा मी आधी काढायची. सगळी चौकट पुरी करून शेवटी काढला, तेव्हा मोबाइलनं दाखवलं : वीज.

"वीज आहे," मी काकांना सांगितलं.

ते खो खो हसले. "पॅनेलमंदी वीज नाही त काय दही राहते?"

मीही हसले. पण दारावर बाहेरून विजेची खूण छापलेली असताना आत हातानं हे कोण कशाला लिहील? त्या दिवसापासून पॅनेलच्या खोलीत जायला मला नको वाटायचं. पंखे बंद असले तरी काहीतरी घुमतंय असं वाटे.

पहिलं अक्षर उरलं होतं. त्याच्या डावीकडून खालपर्यंत एक नागमोडी रेघ होती आणि मी तिच्यापासूनच सुरुवात करत होते. एका दुपारी शिक्षिकेनं तसंच दुसरं अक्षर काढलं आणि ती नागमोडी रेघ अगदी शेवटी ओढली. मी तसं केलं. आधी आतल्या चार रेघा, मग ती.

मोबाइलवर उमटलं : अजून.

अजून वीज आहे.

काका कुठं आहेत विचारलं. मेन बंद करून पॅनेलवर गेलेत, कुणीतरी म्हणालं. मी स्टोअर उघडं टाकून पळाले. पॅनेलचं दार उघडं होतं, काकांच्या हातात पाना.

"हात नका लावू काका!"

"अवं, मेन बंद आहे."

"पहिले मीटर लावा."

कुरकुरत त्यांनी मीटर लावला. आकडा चारशेच्या वर गेला आणि तिथंच थांबला. काका मागं सरकले, भिंतीला टेकून खाली बसले. वीज साठवणारे डबे मेन बंद झाल्यावर रिकामे व्हायला हवे होते. ते रिकामे करणारी सोय आतून जळून गेली होती.

साहेब म्हणाले, "पार्ट बदला. जुना कागद वर गेला आहे, तो राहू द्या." मी दुसरा कागद टाइप केला. खाली काकांची सही घेऊन, माझी करून तो वर पाठवला. उत्तर आलं नाही.

तांड्यावर जाऊन वायरमनला सगळं सांगितलं. त्याची बायको त्याला भाकर चुरून देत होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माह्यी बोटं गेली बाई. पण ज्यानं लिवलं, त्याचं काय झालं असन?"



दुसऱ्या दिवशी काकांनी आणि मी उरलेली सहा पॅनेलं उघडली. दारांमागं बॅटरी मारून पाहिलं. कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मेन बंद करून मीटर लावला. त्यातल्या दोनांत वीज होती.